तिसऱ्या चाकाचा हिशेब

तिपाई कधी डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी लागते, पण तीन पायांची बैठक ओबडधोबड फरशीवरही घट्ट बसते. तीन दगडांची चूल मांडणाऱ्या आजी-पणजींना हे शास्त्र कुणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच मोटारसायकलला किंवा स्कूटरला आणखी एक चाक जोडले की ती जास्त सुरक्षित होणार, असे सगळ्यांनाच वाटते. उभ्या गाडीपुरते ते खरेही आहे. पण गाडी काही उभी राहण्यासाठी घेतलेली नसते. ती धावू लागली, वळू लागली की हिशेब बदलतो. हा हिशेब इंजिनावर किंवा रंगावर अवलंबून नसतो, तो सांगाड्यावर म्हणजेच चासीवर अवलंबून असतो.

असा सांगाडा घरी बनवण्याची हौस आणि सोय, दोन्ही बंगळूरमध्ये सापडतात. आज या शहराची ओळख संगणकामुळे आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४० मध्ये, येथे विमानांचा कारखाना उभा राहिला आणि १९५३ मध्ये एचएमटी ही यंत्रे बनवणारी सरकारी कंपनी आली. त्या कारखान्यांनी शहराला फिटर, टर्नर आणि वेल्डर यांच्या पिढ्या दिल्या. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आजही हवा तो दांडा हव्या त्या मापात कातून मिळतो. गाड्यांचे सुटे भाग घ्यायचे तर जे. सी. रोड आणि जुने भाग हवे असतील तर शिवाजीनगरची गुजरी. कोल्हापूरकरांच्या लेखी गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ, बंगळूरमध्ये मात्र गुजरी म्हणजे भंगार. पण गरजू माणसाला या भंगारातही सोने सापडते.

तीन चाकांच्या मागे लागणारी माणसे दोन प्रकारची असतात. एकाला हौस असते. परदेशी मासिकांत पाहिलेली लांबलचक, रुबाबदार तीनचाकी आपणही बनवावी, असे त्याला वाटते. दुसऱ्याला गरज असते. पायांत बळ नसल्यामुळे थांबलेली दुचाकी तोलून धरता येत नाही. मग कुठेही जायचे झाले की भाऊ कामावरून परत येईपर्यंत थांबायचे, नाहीतर रिक्षावाल्याची मिनतवारी करायची. जन्मभर मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हातात हँडल येणे म्हणजे काय, हे त्या घरातल्यांनाच कळते.

दुसऱ्या प्रकारच्या माणसांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख जणांना हालचालीची अडचण होती. भारतात रानटी विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्या पिढ्यांना पोलिओने गाठले होते त्या आजही नोकरी, दुकान, संसार सांभाळत आहेत. बंगळूरमध्ये एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ ही संस्था सुरू केली, तर १९९४ मध्ये ‘मोबिलिटी इंडिया’ उभी राहिली. चाकाची खुर्ची असो की कृत्रिम पाय, साधन माणसाच्या मापाचे हवे, हा विचार अशा संस्थांनी रुजवला. तीनचाकी गाडीलाही हाच नियम लागू पडतो.

चुलत-मावस नात्यातून निघालेला कारखाना

तीन चाके ही मोटारगाडीइतकीच जुनी गोष्ट आहे. कार्ल बेन्झने १८८६ मध्ये ज्या गाडीचे पेटंट घेतले तिला तीनच चाके होती. पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळवण्याचा प्रश्न त्याला तेव्हा सुटला नव्हता, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, मागे आडवे इंजिन आणि पाऊण अश्वशक्तीच्या आसपास ताकद. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन अशाच गाडीतून मानहाइमहून शंभरावर किलोमीटर दूर असलेल्या माहेरी गेली आणि नवऱ्याचे यंत्र कामाचे आहे हे जगाला दाखवून आली.

अपंगांच्या तीनचाकीची कथा त्याहून जवळची वाटते. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बर्ट ग्रीव्हज याने आपल्या नात्यातल्या डेरी प्रेस्टन-कॉब या अधू भावासाठी एका मोटारसायकलमध्ये फेरफार केले. ती गाडी इतकी उपयोगी पडली की दोघांनी मिळून १९४६ मध्ये ‘इन्व्हाकार’ नावाची कंपनी काढली. महायुद्धातून पाय गमावून परतलेल्या सैनिकांना अशा गाड्यांची गरज होतीच. सरकारी योजनेतून या छोट्या तीनचाकी गाड्या अनेक वर्षे ब्रिटनच्या रस्त्यांवर धावल्या. पण या कथेला दुसरी बाजूही आहे. गाडीत आसन एकच होते, त्यामुळे बायकोमुलांना बरोबर नेता येत नसे. पुढे सुरक्षिततेचे निकष कडक झाले आणि मार्च २००३ च्या अखेरीस या गाड्या ब्रिटनच्या रस्त्यांवरून हटवण्यात आल्या. जिव्हाळ्यातून जन्मलेल्या गाडीलाही अखेर सुरक्षिततेच्या परीक्षेला बसावे लागते.

आपल्याकडेही असे कल्पक हात आहेत. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांची जोडणी बसवली आणि शेतीची कामे करणारे यंत्र तयार केले. बैलजोडी न परवडणाऱ्या शेतकऱ्याची गरज हेच त्याचे मूळ होते. मध्य प्रदेशातील पीथमपूरमध्ये बनणाऱ्या कायनेटिक होंडाने १९८४ पासून गियर आणि किक यांची कटकट संपवली. बटन दाबून सुरू होणारी स्कूटर आली आणि बाजूला चाके लावून ती चालवणे पायाने अधू माणसाच्या आवाक्यात आले.

गाडी कलंडते कशी?

दुचाकी वळताना आपण नकळत आतल्या बाजूला झुकतो. त्या झुकण्यामुळेच वळणावर तोल राहतो. तीनचाकी झुकत नाही. तिच्यावरचे सगळे ओझे वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलते. जमिनीला टेकणाऱ्या तीन चाकांचे बिंदू रेषांनी जोडले तर एक त्रिकोण तयार होतो. माणसासकट गाडीच्या वजनाचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, त्या त्रिकोणाच्या आत राहिला तर गाडी शाबूत. वळणाच्या ओढीने त्याचा भार त्रिकोणाच्या बाहेर गेला की आतले चाक उचलले जाते.

एक उदाहरण पाहू. पुढे एक आणि मागे दोन चाके आहेत. मागच्या दोन चाकांत १०० सेंटीमीटर अंतर आहे, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत १५० सेंटीमीटर आहे. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ५० सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच आहे. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे साध्या गल्लीच्या कोपऱ्यावर, ही गाडी ताशी सुमारे २६ किलोमीटरला आतले चाक उचलू लागेल. आसन खाली घेऊन गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटरवर आणला तर ही मर्यादा ३० पर्यंत जाते. उलट उंची तीच ठेवून ओझे आणखी २५ सेंटीमीटर पुढे सरकले, तर ती २२-२३ वर घसरते. हा हिशेब सपाट, कोरड्या रस्त्याचा आहे. खड्डा, उतार किंवा मध्येच दाबलेला ब्रेक यांनी ही मर्यादा आणखी खाली येते.

यातून घरी सांगाडा बनवणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. आसन शक्य तितके खाली हवे. वजन दोन चाकांच्या आसाजवळ हवे. आणि मागची दोन चाके जितकी दूर ठेवता येतील तितकी ठेवावीत, मात्र घराच्या फाटकाची रुंदी आधी मोजून. वळणावर ब्रेक दाबला की भार पुढे झेपावतो आणि पुढे तर एकच चाक असते, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा असतो. पुढे दोन आणि मागे एक चाक अशी रचना या बाबतीत सरस ठरते. इंग्लंडच्या एच. एफ. एस. मॉर्गनने १९०९ मध्ये बनवलेली पहिली गाडी अशीच होती आणि तिच्यातून एक नामांकित कंपनी उभी राहिली. पण दोन चाके एकत्र वळवण्याची जोडणी घरच्या कारागिराला बरीच अवघड जाते.

मागे दोन चाके की मधलेही ठेवायचे?

आपल्याकडे सर्वात जास्त दिसते ती बाजूला दोन चाके लावलेली स्कूटर. तिचे मूळ मागचे चाक जागेवरच असते, त्यामुळे ताकद देण्याची व्यवस्था बदलावी लागत नाही. मात्र बाजूची चाके जराशी खाली बसली, तर खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर मधले चाक अधांतरी राहते आणि नुसते गरगर फिरते. उतारावर असे झाले तर मागचा ब्रेकही निकामी ठरतो. म्हणून बाजूच्या चाकांना स्प्रिंग हवी आणि माणूस बसल्यानंतर तिन्ही मागची चाके जमिनीला टेकलेली हवीत. केवळ रिकाम्या गाडीवर हे तपासून उपयोग नाही.

मूळ चाक काढून दोन चाकांचा अखंड आस बसवला तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट असतील तर त्यांतले एक घासत राहते, टायर झिजतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. ऑटोरिक्षात तो असतो, शिवाय उलटा गियरही असतो. स्कूटरला उलटा गियर नसतो. पाय जमिनीला लावून गाडी मागे ढकलणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी हा गियर मोठी सोय ठरतो.

हँडलची सवयही बदलते. दुचाकीस्वार वळताना नकळत हँडलची आतली बाजू पुढे रेटतो, मग गाडी झुकते आणि वळते. तीनचाकीत हँडल सरळ वळायचे त्या दिशेला फिरवावे लागते. वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेला माणूस पहिल्या दिवशी याच ठिकाणी चुकतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा.

आधी खडू, मग वेल्डिंग

सांगाड्याचे काम वेल्डिंगच्या ठिणगीपासून सुरू होत नाही. ते जमिनीवरच्या खडूच्या रेषेपासून सुरू होते. सपाट फरशीवर मधली रेषा आखावी आणि गाडीचा आराखडा पूर्ण आकारात काढावा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा धरावा. दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी हवीत. थोडा जरी फरक असला तरी गाडी जन्मभर एका बाजूला ओढत राहील. गवंड्याच्या घरातले गुण्या, पाणसळ आणि ओळंबा येथे महागड्या यंत्राइतकेच उपयोगी पडतात.

नळ्या नव्या आणि एकसारख्या जाडीच्या घ्याव्यात. गंजलेला, वाकवून सरळ केलेला पाइप सांगाड्याला वापरू नये. गुजरीतून हँडल, मडगार्ड, चाके आणली तर चालतील, पण ज्याच्यावर जीव टांगलेला आहे तो पाइप आणि आस तेथून आणू नयेत. सर्व तुकडे आधी ठिकठिकाणी टाके मारून जोडावेत, मापे पुन्हा घ्यावीत आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि सांगाडा ओढला जातो, म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आलटूनपालटून जोड भरावेत. जेथे दोन नळ्या कोनात मिळतात तेथे तिकोनी पट्टी द्यावी. सांगाडा बहुधा नळीच्या मध्यात तुटत नाही, तो जोडाच्या कडेला तडकतो.

ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला नाही, त्याने कापणे, घासणे, मापे जुळवणे घरी करावे आणि शेवटचे जोड जाणकार कारागिराकडून भरून घ्यावेत. यात कमीपणा काही नाही. घरी वेल्डिंग चालू असताना मुले कुतूहलाने पाहत उभी राहतात. त्या प्रकाशाने डोळे भाजतात आणि ते रात्री कळते, तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून मुलांना दूर ठेवावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग केल्यास निघणारा धूर विषारी असतो. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर कधीच वेल्डिंग करू नये. आतली वाफ भडका घेते.

माप गाडीचे नव्हे, माणसाचे

शिंपी कापड बेतण्याआधी माणसाचे माप घेतो. तीनचाकीतही तेच करायला हवे. चाकाच्या खुर्चीतून गाडीवर सरकायचे असेल तर दोन्ही आसनांची उंची सारखी हवी. कुबड्या ठेवायला हाताशी जागा हवी. पायाचा ब्रेक हातात आणावा लागतो. एका हाताची पकड कमजोर असेल तर ब्रेकच्या कांडीचे अंतर त्या हाताप्रमाणे ठरवावे. पाठीला आधार हवा आणि पाय घसरून बाहेर जाऊ नयेत म्हणून पायाशी कड हवी.

एक गोष्ट घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मणक्याला इजा झालेल्या अनेकांच्या पायांना संवेदना नसते. सायलेन्सर तापून पायाला चटका बसला तरी त्यांना कळत नाही, आणि जखम दिसेपर्यंत खोल गेलेली असते. कडक आसनावर तासभर बसल्यानेही त्वचेला जखम होऊ शकते. सायलेन्सरवर जाळी आणि आसनावर चांगली गादी या चैनीच्या गोष्टी नाहीत. डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला सांगाडा बनवण्याआधी घ्यावा, नंतर नव्हे.

रस्त्याचाही विचार हवा. दुचाकी खड्डा चुकवते, कारण तिची दोन्ही चाके एकाच ओळीत धावतात. तीनचाकीच्या तीन ओळी असतात आणि बंगळूरच्या पावसाळी रस्त्यावर त्यांतली एक तरी खड्ड्यात जातेच. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढते. दर महिन्याला जोडांजवळचा रंग पाहावा. केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती रंगाची नसून तडा असू शकते.

कागदांचे काम शेवटी नको

हौशी माणसाला हे ऐकायला आवडणार नाही, पण घरी शून्यातून बनवलेली मोटर तीनचाकी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीसाठी वाहनाच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफारही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हेच स्पष्ट केले. हौसेची गाडी खासगी आवारातच चालवावी.

अपंग व्यक्तीसाठी मात्र कायद्याने वाट ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे अपंग व्यक्तीच्या वापरासाठी जुळवून घेतलेले वाहन, ही व्याख्या आणली. स्वतःच्या मालकीचे वाहन ठरवून दिलेल्या अटी पाळून तसे बदलता येते आणि त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेता येते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही वाहनांत असे बदल करण्यासाठी योजना आखण्याचा उल्लेख आहे. तरीही कापाकापी करण्यापूर्वी आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जाऊन यावे. मंजूर जोडणी बाजारात मिळत असेल तर तीच घ्यावी आणि आपली कारागिरी आसन, पायटेकू, कुबड्यांची जागा यांवर खर्च करावी. बदलाची नोंद विमा कंपनीकडेही करावी, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो. महाराष्ट्रातून बंगळूरला बदलून गेलेल्या कुटुंबाची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ तेथे राहणार असेल तर कर्नाटकात नव्याने नोंदवावी लागते. हे काम आणि फेरफाराचे काम एकदमच उरकता आले तर एक हेलपाटा वाचतो.

आता तर चाकाच्या खुर्चीलाच पुढे विजेचे चाक जोडून तिची तीनचाकी करता येते. मद्रास आयआयटीच्या संशोधनातून आलेली ‘निओबोल्ट’ ही अशीच जोडणी असून तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे. खुर्चीतून गाडीवर आणि गाडीवरून खुर्चीवर सरकण्याचा त्रासच उरत नाही. ज्याला रोज जवळच्या जवळ जायचे आहे, त्याने सांगाडा बनवण्याआधी हा पर्यायही पाहावा.

घरच्या माणसासाठी घरी काही बनवण्यात जो जिव्हाळा असतो, तो कारखान्यात मिळत नाही. पण जिव्हाळ्याने वेल्डिंगचा जोड पक्का होत नाही आणि वळणावरचा वेगही कमी होत नाही. म्हणून गाडी तयार झाली की आधी ज्याने बनवली त्याने, तितक्याच वजनाची वाळूची पोती लादून, मैदानात डावी-उजवी वळणे घेऊन पाहावे. मग जोड तपासावेत, कागद पूर्ण करावेत आणि त्यानंतरच किल्ली त्या माणसाच्या हातात द्यावी. तो बाजारात जाऊन स्वतः भाजी घेऊन येईल, तेव्हा भावाने मागच्या सीटवर बसायला हरकत नाही.